तगड्या लोकांचं घर

आमच्या जिममधला खडू नाहीसा व्हायला लागला तेव्हा दादाने पहिला संशय घेतला तो पोरांवर. हा खडू फळ्यावर लिहायचा नव्हे. वजन उचलताना घामाने हात निसटू नयेत म्हणून तळव्यांना चोळतात ती पांढरी भुकटी. तिच्या साबणाएवढ्या वड्या मिळतात. सकाळी वाडग्यात नवी वडी ठेवावी आणि संध्याकाळी बघावं तर तिचे कोपरे कुणीतरी कुरतडल्यासारखे. दादाने आधी उंदरांना शिव्या घातल्या, मग पोरांना रांगेत उभं केलं. "आज खडू नेता, उद्या डंबेल न्याल! हत्तीएवढे झालात, लाज नाही वाटत?" पोरं खाली मान घालून ऐकत राहिली. दादापुढे मान वर करायची पद्धत आमच्याकडे नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जिमचा मालक, जिमचा कोच आणि आईच्या मते या जगातला एकमेव पुरुष. आई त्याला नावाने हाक मारत नाही, 'चॅम्पियन' म्हणते. खाली जिम, वर आमचं घर, मधे एक अरुंद जिना. मी खाली दाराशी टेबल टाकून बसते, आल्यागेल्याचं बघते, पोरांचे रुसवेफुगवे काढते. वर वहिनी स्वयंपाक करायची. स्वयंपाक कसला, कारखानाच तो. दादाचे दिवसाचे सहा डबे, आणि त्यातला घासन् घास काट्यावर तोललेला. मटण इतकं, भात इतका, अंड्यातला पांढरा भाग इतका. आमच्या ओट्यावर मिठाची बरणी एक वेळ सापडायची नाही, पण वजनकाटा जागच्या जागी असायचा. त्या काट्यावर वहिनीचं ताट कधी चढलं नाही. ती सगळ्यांच्या मागून, उभ्याउभ्या, पातेल्यात जे काही उरलं असेल ते खायची.

खडू वहिनीच खात होती.

एका दुपारी मी पाणी प्यायला वर गेले, तर ती मोरीपाशी पाठमोरी उभी. मी हाक मारली तशी दचकून वळली. ओठ पांढरे, हनुवटी पांढरी, पदराच्या टोकात वडीचा तुकडा. सहावा महिना लागला होता तिला.

"वहिनी, हे काय खाताय?"

"काही नाही हो." मग तिला हसूच फुटलं. दातही पांढरेफटक. "वन्सं, कुणाला बोलू नका हं." ती मला वन्सं म्हणायची ती फक्त चेष्टेत, एरवी ताई. "मला त्याचा वास आला ना, की जीव थाऱ्यावर राहत नाही. जिन्यात उभी राहिले तरी खालून येतो. मी आपली डबा द्यायच्या निमित्ताने उतरते आणि चिमूटभर घेऊन येते."

"चिमूटभर? दादाने अख्ख्या जिमला चोर ठरवलंय!"

ते ऐकून तिला वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी तिने स्वतःच दादाला सांगून टाकलं. दादा आधी बघतच राहिला आणि मग असा हसला, असा हसला की त्याला ठसका लागला. आई म्हणाली, "अरे, डोहाळे आहेत ते. डोहाळे पुरवायचे असतात." मग काय, चॅम्पियनने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला खाली बोलावलं, पोरांना गोळा केलं आणि ताटलीत एक कोरी करकरीत वडी ठेवून तिच्या हातात दिली. "घे राणी, आता उजळ माथ्याने खा!" पोरांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. वहिनी लाजली, आणि सगळ्यांच्या देखत तिने वडीचा कोपरा दाताने तोडला. तिच्यासाठी त्या घरात खास आणलेली ती पहिली खाण्याची वस्तू. माझ्या डोक्यात तेव्हाच तिडीक गेली.

वहिनीचा रंग तोवर मेणासारखा झाला होता. जिना चढताना मधेच कठड्याला धरून थांबायची. पोरं थट्टा करायची, "वहिनी, कार्डिओ कमी पडतोय!" दादाही म्हणायचा, "स्टॅमिनाच नाही हिच्यात." मी हट्टाने तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, आणि विचारलं, "माती, बर्फ, खडू, असलं काही खावंसं वाटतं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खावंसं वाटतं काय, घरच्यांनी सत्कार करून खायला दिलाय."

रक्त तपासलं. अकराच्या वर हवं ते हिमोग्लोबिन सातावर होतं. डॉक्टरीणबाई आवाज न चढवता बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. "नीट ऐका. खडू हे डोहाळे नाहीत, अंगातलं लोह संपल्याची खूण आहे. आणि वर तो खडू पोटात गेला की आहे ते लोहही अंगी लागत नाही. बाळंतपणात प्रत्येक बाईचं रक्त जातं. अंगात साठा असला की ती ते सोसते. हिच्याकडे साठाच नाही. दुसरी बाई ज्यातून उठून चहा मागेल, त्यातून ही उठणार नाही. अजून वेळ हातात आहे. शिरेतून लोह देऊ, दोन-चार खेपा घालाव्या लागतील. तोवर या गोळ्या. दुधाबरोबर नाही, चहाबरोबर नाही. आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या."

यात न समजण्यासारखं काय होतं? मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. आई म्हणाली, "आम्ही नाही का बाळंत झालो?" दादा म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी."

दादा बोलायला गेला तो बाह्या कापलेला टीशर्ट घालून. खुर्चीत मावत नव्हता. "डॉक्टर, मी आहारातलाच माणूस आहे," त्याने सुरुवातच अशी केली. "कुणाला काय खायला घातलं की कुठला स्नायू भरतो ते मला विचारा. बायकोला मी स्वतःच्या देखरेखीखाली घेतो. तिच्या अंगात सुयाबिया खुपसलेल्या मला चालणार नाहीत."

सुया चालणार नाहीत म्हणे! त्याच्या टेबलाच्या खणात काय असायचं ते मला ठाऊक होतं. स्पर्धा जवळ आली की तो पोरांना पडद्यामागे एकेक करून बोलवायचा आणि 'कोर्स' द्यायचा. अंग फुगवायच्या इंजेक्शनांना त्यांची ती भाषा. एका बाटलीतून सगळ्यांना, आणि सुई कधी बदलली तर बदलली. मी एकदा बोलले होते तर म्हणाला, "तू टेबलावर बस, पडद्यामागे बघू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्याने मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, एवढं तरी करा. आमच्याकडे रक्ताचा साठा नसतो आणि गावातल्या रक्तपेढीतही कधी असतो, कधी नसतो. दिलेलं रक्तही तपासून वापरायला वेळ लागतो. रक्त देणारी तीन-चार माणसं आत्ताच तपासून ठेवा."

दादा खदखदून हसला. "तीन-चार? डॉक्टर, माझ्याकडे पन्नास पोरं आहेत. एकेकाचा दंड बघाल तर घाबराल. हाक मारायचा अवकाश, बादल्या भरून देतील!"

"हाक मारायच्या आधी तपासा," त्या म्हणाल्या.

नाही तपासली. का तपासायची? दंड दिसत होते की.

देखरेख मात्र सुरू झाली. दादा रोज सकाळी दुधात आपली प्रोटीनची पावडर घुसळायचा, त्यातच लोहाची गोळी कुटून टाकायचा आणि मोठ्या प्रेमाने तो पेला वहिनीपुढे धरायचा. दुधाबरोबर नाही, असं त्या माउलीने बजावलं होतं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, "दुधाने ताकद येते हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या डॉक्टरीणबाईंचे दंड बघितलेस का?" त्याच्या जगात दंड नसलेल्या माणसाला मत नव्हतं.

आणि त्याच ओट्यावर रोज डझनावारी अंडी फुटायची. पांढरं दादाच्या डब्यात, पिवळं मोरीत. मी म्हटलं, ते वहिनीला द्या. आईने डोळे वटारले. "बलक नको. पोर मोठं होईल आणि वाटेत अडेल." मटणाचंही तेच, पालेभाजीला वेळ नाही, डाळ दादाला फुगवते म्हणून घरात शिजत नाही. मी गुपचूप लिंबाच्या पाण्याबरोबर वहिनीला गोळ्या द्यायला लागले. चार दिवस घेतल्या तिने. मग शौचाला काळं व्हायला लागलं, लोहाने ते होतंच, पण ती घाबरली आणि आईला सांगून बसली. आई म्हणाली, "आतून करपतंय सगळं." झालं, गोळ्या बंद.

"वहिनी, तुमचा जीव आहे हा," मी तिला दोन्ही खांदे धरून म्हटलं.

"कळतंय हो मला. पण स्पर्धा तोंडावर आहे त्यांची. ती होऊन जाऊ दे, मग तुम्ही सांगाल तिथे येते." मग डोळे मिचकावून म्हणाली, "त्यांना सगळ्यांचं वजन उतरवायचं असतं. या घरात वाढलेलं चालतं ते फक्त माझं, तेवढं तरी एन्जॉय करू दे."

एकदा मी कुणाला न विचारता तिला रिक्षात घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. पलंग मिळाला, बाटली टांगली, नर्स शीर शोधायला लागली. शीर सापडेना. तेवढ्यात फोन वाजला. दादा. तिसरा डबा कुठाय? वहिनी ताडकन उठून बसली. "ताई, त्यांचा डबा राहिला हो. वेळ चुकली की स्नायू गळतो म्हणे." नर्स म्हणाली, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, गळू दे त्याचा स्नायू. वहिनीने पाय खाली टाकले, चपला चाचपल्या आणि निघाली. काय करायचं मी? बांधून ठेवायचं? एका माणसाच्या उकडलेल्या मटणासाठी ती बाई आपलं मरण टळत असताना पलंगावरून उठून गेली. ती मूर्ख नव्हती. आमच्या घराने तिला तसं वळण लावलं होतं.

स्पर्धेत दादाला बक्षीस मिळालं. त्या आनंदात त्याने सगळ्या पोरांना नेऊन दंडावर जिमचं चिन्ह गोंदवून घेतलं. पाच-सहा पळपुटे सोडले तर दंडादंडावर एकसारखे वाघ. वहिनीला आता सांगाल तिथे यायचं होतं, पण ती येण्याआधीच तिच्या कळा सुरू झाल्या.

सकाळी दवाखान्यात नेली. चालत गेली. दुपारी मुलगी झाली. बाळ लहानखुरं होतं, पण रडलं चांगलं. आई म्हणाली, "बघा, काही झालं का? उगाच घाबरवतात." नर्स बाळ आमच्या आईच्या हातात देऊन आत गेली ती धावतच. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्तस्राव होतोय. फार नाही, पण तिला तो झेपत नाहीये. रक्त हवं, आत्ता हवं. रक्तपेढीला मी फोन केलाय, तिच्या गटाची एकच बाटली शिल्लक आहे, ती येतेय. माणसं कोण तपासून ठेवलीत?"

दादाने फोन काढला आणि हाक मारली.

पोरं आली. हे मी कबूल करीन, हाकेसरशी आली. मोटरसायकलींवर दोन-दोन, तीन-तीन बसून रक्तपेढीच्या दारात हा जमाव. मी आणि दादा तिथे पोचलो तेव्हा तिथला माणूस बिचारा पहिल्यांदा खूश झाला. खुर्चीवर पहिल्या पोराला बसवलं, बाही वर केली आणि थांबला. "हे कधी गोंदवलं?"

"पंधरवडा झाला," पोरगा अभिमानाने म्हणाला.

"मग रक्त घेता येणार नाही. कित्येक महिने थांबावं लागतं. पुढचा."

पुढच्याच्या दंडावर वाघ. त्याच्या पुढच्याच्याही. मग त्या माणसाने सगळ्यांना बाह्या वर करायला सांगितलं आणि त्या एवढ्याशा खोलीत वाघच वाघ झाले. गोंदवताना घाबरून पळालेले पाच-सहा जण मागे होते, त्यांना पुढे ढकललं. त्याने विचारलं, "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शनं घेतलीत का? खरं सांगा, समोरच्याच्या अंगात जाणार आहे हे." एकाने दादाकडे बघितलं. मग दुसऱ्याने. मग सगळेच जमिनीकडे बघायला लागले.

"एकाच सुईने?" त्या माणसाने विचारलं.

त्याने हातमोजे काढून ठेवले. दादाने त्याची गचांडी धरली. "माझं घे! मी देतो!" त्या माणसाने शांतपणे दादाच्या दंडाकडे बोट केलं. सगळ्यात मोठा वाघ तिथेच होता.

मी पुढे झाले. माझ्या अंगावर वाघही नव्हता आणि सुईही नाही. त्याने बोटाला टोचून थेंब घेतला, यंत्रात घातला आणि मान हलवली. "ताई, तुमचंच कमी आहे. तुमचं घेतलं तर तुम्हाला चढवावं लागेल." नसणार तर काय? मीही त्याच पातेल्यातलं उरलंसुरलं खाऊन वाढलेली. मला रडू आलं नाही, संताप आला. टनभर लोखंड उचलणारं घर, पन्नास पोरं, आणि एका बाईला द्यायला आमच्याकडे बाटलीभर रक्त निघत नव्हतं.

रक्तपेढीच्या माणसाने शेजारच्या गावी फोन लावला. दोन बाटल्या निघाल्या. त्या वाटेत असतानाच, आम्ही दवाखान्यात परतायच्या आत, वहिनी गेली. ती एक बाटली तिला चढवून संपली होती. जाण्याआधी ती शुद्धीवर होती, नर्सने मला सांगितलं. थंडी वाजतेय म्हणाली, आणि मुलीला दूध पाजलं का विचारलं.

मग आमच्या पोरांना पुरुषार्थ आठवला. दवाखान्याचा जिना चढून सगळा जथा वर आला. कुणीतरी बाकडं लाथेने उलटं केलं. "बाई चालत आली होती! मारली हिने! बाहेर काढा त्या डॉक्टरणीला!" दादा मधे उभा, डोळे लाल, मुठी आवळलेल्या. त्याला कुणीतरी हवं होतं ज्याला उचलून आपटता येईल. दाराआड डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हे मला काचेतून दिसत होतं.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

"नाही होणार. आधी ऐक. तिचं रक्त किती गेलं माहितेय? दुसऱ्या बाईचं जातं त्याहून थोडंसंच जास्त. आत्ताच सांगितलं त्यांनी मला. दुसरी बाई यातून उठली असती. ही नाही उठली, कारण हिच्या अंगात काहीच नव्हतं, आणि ते काल नव्हतं, महिनोन् महिने नव्हतं. त्या बजावून सांगत होत्या. तू खडूची वडी ताटलीत घालून दिलीस तिला. तू सुई नको म्हणालास. माणसं तपासून ठेवायला सांगितलं तर हसलास. आता मारायचंय ना कुणाला? मग मार की. पण आरसा घेऊन ये आधी, जिममध्ये भिंतभर आहेत!"

आयुष्यात पहिल्यांदा मी दादाशी असं बोलले. दादाचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं आता हा हात उचलणार, आणि खरं सांगते, उचलला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्याचे खांदे पडले आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. काहीतरी त्याच्यापर्यंत पोचत होतं. मी बघत होते, त्याचा चेहरा उलगडत होता, तो बोलणार होता. क्षणभर मला वाटलं, हे घर आता पहिल्यांदा खरं बोलणार.

आई मला कोपराने बाजूला सारून त्याच्यापाशी गेली. एका हातात वहिनीची मुलगी होती, अजून पुसलेलीही नीट नव्हती. दुसरा हात तिने त्याच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडे मान वळवली.

"जीभ आवर तुझी," ती म्हणाली. "सकाळपासून अन्नाचा कण नाही त्याच्या पोटात."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दादाने डोळे मिटून घेतले. आणि आत्ता आत्ता डॉक्टरीणबाईंच्या अंगावर धावून जाणाऱ्या पोरांपैकी चार-पाच जण त्याच्यासाठी खायला आणायला जिना उतरून पळत सुटले.